चांगदेव घरत आणि सहा चिकटलेली चाकं

न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांगदेव घरतचं पत्र्याचं दुकान होतं, आणि बावीस चाकांचे कंटेनर ट्रेलर तिथं रांग लावून उभे असायचे. त्याचे बापजादे मिठागरात राबले, चांगदेव टायरात राबला. टायरवर हातोडी आपटायचा आणि नुसत्या आवाजावरून हवा किती कमी आहे ते सांगायचा. वर ड्रायव्हरला ऐकवायचा, "इश्वास नसंल तर गेज लावून बघ." ड्रायव्हर गेज लावायचा आणि तोंड पाडून परत यायचा. कामाला गडी वाघ, पण तोंडाचा फटकळ, आणि गुर्मी तर विचारूच नका.

दोन वर्षांपूर्वी हवा भरताना एका चाकाची लोखंडी रिंग उडाली. चांगदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मनगट कायमचं ताठ झालं. जीव वाचला हेच नशीब, असं सगळ्या गावानं म्हटलं. तोही मान हलवायचा, पण मनातून त्याला ते काही पटलं नव्हतं. ट्रेलरचं चाक राहू द्या, भरलेली कळशीसुद्धा त्या हाताला पेलवेना. दुकान दुसऱ्यानं घेतलं, आणि हा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या टायरांना नावं ठेवू लागला.

"अवो, त्या मानसानं तुमाला इचारलंय का, टायर कसा हाय म्हनून?" बायजा, त्याची बायको, घरातून विचारायची.

"इचारायला पायजे व्हतं," हा म्हणायचा.

मुलगी अमिषा बंदरातल्या एका माल वाहतुकीच्या ऑफिसात कामाला. दिवसभर ती परक्या लोकांच्या कंटेनरचा ठावठिकाणा लावायची, पण घरच्या या माणसाचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. बाप डोळ्यांदेखत वाळत चालला होता. शेवटी एका मंगळवारी संध्याकाळी ती ओळखीच्या कुलदीपला घेऊनच घरी आली. कुलदीप शेजारच्या गावचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बंदरातला क्रेन ऑपरेटर. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. त्यानं तो उघडला, तर आत सहा चाकं. एकेक चाक भाकरीच्या गोळ्याएवढं.

"ही कुठल्या गाडीची?" चांगदेवनं विचारलं.

"रिमोटच्या गाडीची, काका."

झालं. चांगदेवचा चेहरा असा काही झाला की अमिषाला वाटलं, आता हा खोका अंगणात जाणार. दिवसभर चाळीस टनांचे डबे उचलणारा हा पोरगा खेळण्यातली गाडी चालवतो? पण कुलदीप लाजणाऱ्यातला नव्हता. गावाबाहेरचं मिठागर बंद पडल्यापासून त्याची जमीन उन्हाळ्यात घट्ट आणि सपाट असते, तिथं दर रविवारी शर्यती लागतात, पनवेल-बेलापूरहून लोक येतात, हे त्यानं सांगितलं. या टायरांत हवा नसते, स्पंज असतो. वेगात टायर रिमवरून निसटू नये म्हणून तो सुपरग्लूनं पक्का चिकटवतात. टायर झिजला की बहुतेक जण रिमसकट फेकून नवं चाक घेतात.

"मग तू पन फेक."

"नाही ना फेकता येत. गाडी जुनी आहे. ती बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. या मापाच्या रिम आता जगात कुठं मिळत नाहीत, माझ्याकडं या सहाच. नवे टायर आलेत माझे. जुने काढून दिलेत तर रविवारी गाडी पळेल. नाहीतर मग संपलंच तिचं."

अमिषा हळूच म्हणाली, "मीच सांगितलं त्याला, टायर म्हटलं की आमचे बाबा."

चांगदेवनं खोका डाव्या हातानं जवळ ओढला. म्हणाला, "बावीस चाकांचे ट्रेलर उतरवलेत मी. याला काय लागतंय? शुक्रवारी घेऊन जा."

बुधवारी सकाळी त्यानं जुनी पेटी उघडली. ट्रेलरचा टायर रिमपासून सोडवायचा तर कडेत लोखंडी टामी, म्हणजे चपट्या टोकाची पहार, घालायची आणि अंगाचा भार टाकायचा, ही त्याची तीस वर्षांची रीत. त्यानं पेटीतली सगळ्यात बारकी टामी घेतली, साबणाचं पाणी लावलं, कडेत घातली आणि भार टाकला. कट्‌ असा आवाज झाला. टायर होता तिथंच राहिला आणि प्लास्टिकच्या रिमची कड टामीबरोबर बाहेर आली.

मग स्वतःलाच शिव्या घालून त्यानं दुसरं चाक शिकंज्यात आवळलं आणि पात्यानं टायर चिरायला घेतला. ताठ मनगटानं दगा दिला. पातं सटकलं आणि रिमच्या मध्यापर्यंत गेलं.

सहातली दोन गेली. गाडीला चार लागतात आणि चारच उरली होती. म्हणजे आता एकही चुकायला वाव नव्हता. चांगदेव पेटीवर बसला. रिम तुटल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. ट्रेलर गेले, ते त्यानं कसंबसं सोसलं. पण मुठीत मावणारं चाकसुद्धा आपल्या हातून होत नसेल, तर हा हात आता कशाला उरलाय? दुपारपर्यंत तो हलला नाही. उरलेली चार चाकं तशीच परत करून टाकावीत, मोडकी दोन खाली दडपावीत आणि अमिषाला सांगावं की तब्येत बरी नाही, इथवर त्याचा विचार गेला होता. भित्रा विचार होता आणि त्याला ते कळत होतं.

बायजा पलीकडे शिवल्या धुवत बसली होती. खाडीतून निघालेल्या ताज्या शिवल्या, गच्च मिटलेल्या शिंपल्या, टोपलीभर. तिनं सकाळपासून सगळं बघितलं होतं, पण ती मुद्दाम गप्प होती. चांगदेव उठून तिच्याजवळ आला.

"बायजे, तुझा कोयता दे."

"कशाला?"

"टायर फाडायचाय."

"दोन फाडले तेवढं पुरे नाय झालं?" तिनं वर न बघताच विचारलं. "तीस वर्सं माज्या हातच्या शिवल्या खाताय. कोयता घेऊन कवा उघडताना बघितलंय मना? उकळत्या पान्यात टाकल्या की तोंड उघडतात. गच्च बसल्यात त्यांच्याशी कुस्ती कशाला खेळायची?"

एरवी चांगदेवनं चांगले दोन-चार शब्द सुनावले असते. आज तो तिच्या टोपलीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "टोप दे एखादा."

"जेवनाच्या टोपात रबर शिजवायचा नाय," बायजानं बजावलं आणि परसातला तेलाचा रिकामा डबा त्याच्यापुढं सरकवला.

तीन दगडांवर डबा चढला. पाणी उकळल्यावर चांगदेवनं चारातलं एकच चाक सोडलं. ते तरंगायला लागलं, म्हणून बायजानं वर झारा दाबून धरला. अर्ध्या तासात रबराचा असा काही वास सुटला की शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली, आज काय बेत. चांगदेवनं चाक फडक्यात धरून बाहेर काढलं आणि दाबलं, तर स्पंजातलं गरम पाणी पिचकारीसारखं त्याच्या सदऱ्यावर उडालं. बायजा तोंडाला पदर लावून हसली. फार दिवसांनी हसली होती बिचारी.

टायरची कड एका जागी सुटली होती. बोटभरच, बाकी घट्ट. तीस वर्षांची खोड उफाळून आली आणि त्यानं उजव्या हातानं कड पकडून हिसडा द्यायला घेतला, पण त्या हातात हिसडा उरलाच नव्हता. बोटं नुसतीच घसरली. आणि घसरली म्हणूनच रिम वाचली, कारण गरम प्लास्टिक मऊ पडलं होतं. जोर असता तर तिसरी रिमही वाकडी झाली असती. हे चांगदेवच्या ध्यानात आलं तेव्हा तो क्षणभर आपल्या त्या हाताकडे बघतच राहिला.

मग त्यानं जोर करायचं सोडूनच दिलं. बांबूची एक पातळ काडी तासली आणि सुटलेल्या कडेत अलगद सरकवली. उजवा अंगठा रबरावर ठेवून तो चाचपू लागला. जिथं डिंक ढिला झालाय तिथं रबर किंचित हलायचं, नसेल तिथं मुळीच नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण अंगठ्याला बरोबर कळत होतं. हलेल तेवढंच सोडवायचं, अडलं की चाक पुन्हा पाण्यात. तिसऱ्या उकळीला टायर सबंध निघाला आणि रिम जशीच्या तशी हातात आली. त्यानं ती बायजाला दाखवली, तिनं ती उन्हात धरून बघितली. उरलेल्या तीन चाकांना गुरुवारची दुपार झाली. डिंकाचे पापुद्रे बांबूच्या काडीनं खरवडायला शुक्रवारची सकाळ लागली. शिवल्या बुधवारीच खाऊन झाल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी कुलदीप आला, मागोमाग अमिषाही ऑफिसातून आली. चांगदेवनं मोडकी दोन चाकं आधी त्याच्यासमोर ठेवली.

"ही माज्या चुकीनं गेली. टामी लावली. लावायला नको व्हती."

कुलदीपचा चेहरा पडला. त्यानं तुटलेला तुकडा उचलून कडेला लावून बघितला. अमिषानं खाली मान घातली. चांगदेवला वाटलं, उठून परसात निघून जावं, पण तो बसून राहिला. मग त्यानं चार रिम पुढं केल्या.

कुलदीपनं पिशवीतून गाडी काढली, एक रिम आसाला लावली आणि बोटानं गरकन फिरवली. तिघंही बघत होते. रिम जराही न लचकता फिरली आणि सावकाश थांबली. त्यानं दुसरी लावली, तिसरी लावली, चौथी लावली.

"काका, एक ओरखडापण नाही," कुलदीप म्हणाला. "आमच्यात कुणाला हे असं जमत नाही. मिठागरात जुन्या गाड्या आणणाऱ्या प्रत्येकाच्या घरात अशा चाकांचा खोका पडलाय." त्यानं पिशवीतून नवे टायर आणि ग्लूची बाटली काढून चांगदेवपुढं ठेवली. "आता हे तुम्हीच बसवा. तुमच्या हाताला कळतं."

चांगदेवनं बाटली उचलली. उलटसुलट करून बघितली. एक थेंब इकडचा तिकडं झाला तर काय होतं, हे या तीन दिवसांत त्याच्याएवढं कुणालाच समजलं नव्हतं. त्यानं बाटली कुलदीपच्या हातात परत दिली आणि पाट त्याच्याजवळ ओढून घेतला.

"हे मना येत नाय," तो म्हणाला. "पहिला तू लाव, मी बघतो. मग उरलेले मी लावीन."

आत चहा गाळणाऱ्या बायजाचा हात थांबला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून 'येत नाय' हे तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. तिनं दारातून डोकावून बघितलं. कुलदीप टायर रिमवर चढवत होता, आणि त्याच्या बापाच्या वयाचा हा माणूस उजवा अंगठा रबरावर टेकवून, मान वाकवून शिकत होता.