छापलेला आकडा

आज ऑफिसात साहेब म्हणाले, "मॅडम, या वयात नवीन काम झेपेल का?" घरी येऊन लॅपटॉप लावला, तर तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट खारमधल्या आमच्या जुन्या खोलीत पोचले.

नव्वदच्या दशकाची अखेर, मे महिन्यातली दुपार. चपला काढूनच ज्याच्याजवळ जायचं, त्या कम्प्युटरचं झाकण मी काढून ठेवलं होतं. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर साडेचारशेवर नेला होता. तो तापून बंद पडायला लागला, म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

"आम्ही घामाने निथळतोय आणि वारा त्या डब्याला?" बाबा कडाडले. "कंपनीने तीनशे छापलंय ते काय उगाच? जळेल तो!"

"जळू दे. तीनशेवर नाही चालवणार."

आईने पेपरची घडी घातली आणि बाबांच्या हातात दिली. "घ्या, वारा घ्या."

तेव्हा वाटलं, आई भांडण मिटवतेय. आज कळतंय, ती माझ्या बाजूने उभी राहिली होती.

तो कम्प्युटर भंगारात जाईपर्यंत साडेचारशेवरच चालला. उद्या साहेबांना विचारणार आहे, माझ्यावर आकडा कोणी छापलाय?