बाप जिवंत असताना काढलेली मिशी

सावळाराम पडवळ घोरतो याचं महाळुंगे पडवळमध्ये कुणालाच नवल नव्हतं. उन्हाळ्यात तो अंगणात झोपला की शेजारचे आपल्या खाटा उचलून मागच्या दाराला न्यायचे. वर म्हणायचे, गडी कष्टाचा आहे, झोप गाढ लागायचीच. गाढ झोप कसली, कपाळ! घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच अडायचा आणि त्याची बायको बायडाबाई अंधारात आकडे मोजत बसायची. वीस-पंचवीसपर्यंत गेली की घाबरून त्याला ढोसायची. मग तो मोठ्यानं हवा ओढायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. ती बाई दोन वर्षं धड झोपली नव्हती, आणि गावात नाव झालं ते नवऱ्याच्या झोपेचं.

सावळाराम मळणीवाला. ट्रॅक्टरला मळणी मशीन जोडून जुन्नर-आंबेगावातली खळी पालथी घालणारा. वय पन्नाशीला टेकलेलं, आणि मिशी अशी की खळ्यावर आधी ती पोचायची, मागून तो. दोन हजार सहा सालच्या गव्हाच्या सुगीत, शिनोलीला, मशीनमध्ये पेंढ्या सारता सारता त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक मशीननं धरलं. मुलानं, सुभाषनं, उडी मारून ट्रॅक्टर बंद केला म्हणून मान राहिली. उपरणं गेलं.

सुभाषनं त्याला त्याच आठवड्यात पुण्याला नेलं. तिथं अंगभर वायरी चिकटवून एक रात्र झोपवलं आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत याचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो. असंच चाललं तर एखाद्या रात्री हृदयच दगा देईल. उपाय एकच, जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन. त्यातून नळी निघते, नळीला नाकावर बसणारा मास्क, आणि मशीन रात्रभर नाकात वारा फुंकतं म्हणजे घसा मिटत नाही. रोज लावायचं, जन्मभर.

"जलमभर?" सावळाराम म्हणाला. "बैलालाबी वेसण घालत्यात, पर त्यात वारा न्हाई भरत."

पहिल्या आठवड्यात त्यानं घर डोक्यावर घेतलं. नाकात वारा भरला की तोंड उघडायचं, तोंडाला कोरड पडायची, नळी कुशीखाली यायची. त्यात स्वच्छतेचं खूळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मशीनचा फिल्टर स्वच्छ ठेवा. सावळारामाला वाटलं, हे आपलंच काम. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर तो तीस वर्षं रॉकेलनं धूत आला होता. त्यानं हाही फिल्टर रॉकेलात बुडवला, झटकला, उन्हात वाळवला आणि मोठ्या ऐटीत पुन्हा बसवला. त्या रात्री मशीननं त्याच्या नाकात रॉकेलचा वास असा काही भरला की सगळं घर खोकत अंगणात आलं.

तेव्हापासून सून नूतननं कारभार हातात घेतला. "मामंजी, हे इंजिन न्हाई, तुमचं नाक हाय," असं तिनं तोंडावर सांगितलं. पुण्याहून नवा फिल्टर आणवला. रोज सकाळी ती मास्क साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायची, नळी दोरीवर टांगायची, मशीनच्या भांड्यात उकळून गार केलेलं पाणी भरायची. लोडशेडिंगमध्ये मशीन बंद पडू नये म्हणून सुभाषनं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर खाटेखाली बसवला.

सगळं झालं, पण मास्क काही बसेना. त्याच्या खाली मिशी यायची, मिशीतून वारा निसटायचा, आणि रात्रभर फुर्र फुर्र करत थेट डोळ्यांत जायचा. मिशी कातरून बघितली, तर खुंट आडवे आले. डॉक्टर म्हणाले, मिशी साफ काढा.

इथं मात्र गाडी अडली. आपल्याकडं बाप जिवंत असताना मिशी कोण काढतं? बाप गेल्यावरच ती उतरायची. बिनमिशीचा बाप्या दिसला की माणसं आपोआप आवाज खाली घेऊन विचारतात, कधी गेले? आणि सावळारामाचे वडील गेणभाऊ शहाऐंशीव्या वर्षी ओट्यावर बसून सगळ्या गावाचं बरंवाईट काढत होते.

"बापाच्या जिवावर वस्तरा फिरवायचा न्हाई म्या," सावळारामानं सांगितलं आणि मशीन खाटेखाली लोटून दिलं. बायडाबाई पुन्हा आकडे मोजायला लागली. एका रात्री पस्तिसापर्यंत गेली. सकाळी ती सासऱ्यापुढं जाऊन बसली आणि रात्रीचा आकडा सांगून रडली.

गेणभाऊंनी न्हाव्याला बोलावणं धाडलं.

"सावळ्या, बस हितं."

"नाना, तुमी हायात अजून."

"हाय म्हनूनच सांगतोय. शहाऐंशी वर्सं म्या माज्या भाकरीवर जगलो, तुज्या मिशीवर न्हाई. उद्या तुजी तिरडी उचलायची पाळी आली तर ह्यो खांदा चालायचा न्हाई. मला आग द्यायला जितं पोरगं पायजे. बस खाली."

न्हावी मागं सरला. "गेणभाऊ, मला पाप लागंल."

"मग दे हिकडं वस्तरा, मीच काढतो."

म्हाताऱ्याचा हात पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. तो हात वस्तरा घेऊन नाकाखाली येण्यापेक्षा न्हाव्याचं पाप परवडलं, असा विचार करून सावळाराम मुकाट्यानं न्हाव्यापुढं बसला. मिशी खाली पडली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं लपवलं नाही.

त्या रात्री मास्क नाकावर घट्ट बसला. घोरणं नाही, अडणं नाही, नुसता वाऱ्याचा बारीक आवाज. बायडाबाईनं सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि पाचाच्या पुढं तिचीच झोप लागली. सकाळी सात वाजले तरी घरात कुणी उठलेलं नव्हतं. म्हशी हंबरून हंबरून थकल्या होत्या. सावळाराम उठला तो डोकं हलकं, डोळे लख्ख. कित्येक वर्षांत असं उजाडलं नव्हतं.

पण उजाडलं तरी तोंड घेऊन बाहेर जायचंच होतं. चौथ्या दिवशी नारायणगावच्या बाजारात पिंपरी पेंढारच्या कुणीतरी त्याला पाहिलं आणि विचारण्याचीही तसदी न घेता गावी जाऊन बातमी दिली. तिथं गेणभाऊंची पुतणी साळुबाई दिली होती. आईबाप लवकर गेलेल्या त्या पोरीला गेणभाऊंनीच वाढवून उजवलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जीप भरून माणसं आली आणि वळणापासूनच साळुबाईचा गळा ऐकू आला. "माज्या काका रं! मला तोंडबी बघू दिलं न्हाई रं!"

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी भाकरी आणायची, तो कडू घास. साळुबाईच्या डोक्यावर त्याची पाटी होती, भाकरी आणि पिठल्याची. ती रडत अंगणात आली. ओट्यावर गेणभाऊ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"कोण गेलं गं साळे?"

"तुमी," साळुबाई म्हणाली.

जीपमधली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सावळारामाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो गोठ्याकडं सटकायला निघाला, तोच म्हातारा कडाडला. "सावळ्या, तोंड लपवू नगं! चोरी केलीस का? बस माज्या शेजारी." मग साळुबाईला म्हणाला, "उतरव पाटी. ह्याला झोपंत मरान येत व्हतं, म्हून म्या सोता ह्याची मिशी काढायला लावली. माझा कडू घास म्या सोता खानार. कुनाला मिळतो राव?"

सगळ्यांना बसवलं. साळुबाई हुंदके देत वाढत होती आणि मध्येच हसत होती. दोन भाकरी संपवून गेणभाऊ म्हणाले, "पिठल्याला मीठ कमी हाय. खऱ्या टायमाला ध्यान ठिव."

त्या दिवशी सावळारामाची लाज गेली ती गेलीच. कुणी आवाज खाली घेऊन "कधी गेले?" म्हटलं की तो आवाज चढवून सांगायचा, "घरी हायत, जाऊन इचारा!" पुतण्याच्या लग्नात जानवसघरात त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर मशीन मांडलं, बॅटरीला जोडलं आणि मास्क चढवून आडवा झाला. पोरं हत्ती म्हणून हसली. हसू दे. सुगीत बाजरीचा भुसा फिल्टरवर बसायचा, तो रोज झटकायला तो आता नूतनची वाट बघत नव्हता. मळणीवर पुन्हा उभा राहिला, आणि उभ्या उभ्या डोळा लागणं बंद झालं. दर दोन दिवसांनी न्हावी येऊन ओठावरचे खुंट साफ करायचा. पापाचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

दोन हजार नऊच्या थंडीत गेणभाऊ गेले. दुपारी जेवून लवंडले आणि उठले नाहीत. सावळारामानं आग दिली.

दहाव्याला नदीकाठी भावकी जमली. न्हाव्यापुढं सावळाराम डोकं वाकवून बसला. मागं भावकीतला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "केस काय, पुन्हा येत्यात. मिशी द्यायची असती बापाला. ह्याच्याकडं हाय काय द्यायला?"

सुभाष उसळून उठला. सावळारामानं त्याला हातानं खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. दहा दिवसांत तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होता.

"मिशी माज्या बापानं जितेपनीच मागून घेतली. त्याला आग द्यायला जितं पोरगं पायजे व्हतं. मी मेलो असतो तर कुनी दिली असती? तू?"

सावळाराम खाली बसला, डोकं वाकवलं आणि न्हाव्याला म्हणाला, "चालू दे."