दर्याची आण

त्या कोळणीला ठाण्यात बसवलं ती सकाळ मी विसरलेलो नाही. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस. चौलच्या बाजूला एका ठाण्यावर मी नवाच फौजदार होतो. तालुक्याचा राष्ट्रीय पुढारी फरारी होता. चालती वकिली सोडून त्याने गावोगाव पक्षाच्या शाखा काढलेल्या. छातीने अधू माणूस, पण सभेत बोलायला लागला की आगरी-कोळी तहानभूक विसरत. वरून मला रोज तगादा.

खबर आमच्या हवालदाराने बाजारातून आणली. "साहेब, ती कोळीण म्हावरं विकते आन् घरी पडवळ नेते. ऐन हंगामात कोळ्याच्या घरात पडवळ कोण खातंय?"

मासे न खाणारा पाहुणा, म्हणजे वकीलच. झडती घेतली, घर रिकामं. मग बाईला ठाण्यात आणली.

"उपास हाय माजा, सायेब. घरान कोन नाय."

दोन तास दमदाटी केली, पण तिने भीक घातली नाही. तिचा नवरा होडीवर गेलेला होता. घरचा माणूस पाण्यावर असताना कोळीण दर्याची खोटी आण घेत नाही, हे मला ठाऊक होतं.

"वकील कुठे आहे ते माहीत नाही, अशी दर्याची आण घे आणि जा घरी."

तिने आण घ्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग रडतच म्हणाली, "माज्या बहिनीचे घरान हाय. ताप हाय त्याला. मारू नका, सायेब."

वकिलाला तापातच उचलला. तो एवढंच म्हणाला, "फौजदारसाहेब, बाईचं नाव येऊ देऊ नका." मी हो म्हणालो आणि जबानीत तिचं नाव घातलं. कोर्टात ते वाचलं गेलं. मला शाबासकी मिळाली. तिला कोळीवाड्याने वाळीत टाकलं. चोराचा खोटेपणा पकडायचा पगार मिळत होता मला. मी त्या बाईचा खरेपणा पकडला, याची लाज आजही वाटते.

वकील तुरुंगातून सुटला तो छाती पार खलास होऊन. पुढे निवडणुका आल्या तेव्हा पक्षाने दुसरा उमेदवार दिला. तरी वकील कोळीवाड्यात सभेला आला, बाईची चूक नव्हती हे सांगायला. सगळा वाडा जमला होता. तो बोलत होता, खोकत होता, पण शब्द पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हते. मागची माणसं एकमेकांना विचारत होती, "काय बोलतंय?"

बंदोबस्ताला मी तिथेच उभा होतो. माझा आवाज चांगला खणखणीत होता. मी तोंड उघडलं नाही.