दवाखान्यासमोरच्या बागेतली अक्का

चोपन्न सालच्या थंडीत माझ्या मालकांच्या पोटात गाठ निघाली. जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्यायला सांगितलं, म्हणून मी आणि सासरे त्यांना घेऊन फैजपूरहून आलो. पुरुषांच्या वॉर्डात बायांना सकाळ-संध्याकाळ तासभरच सोडत. आबा, म्हणजे सासरे, व्हरांड्यात बसत, आणि सासऱ्यासमोर बसायची आमच्यात रीत नव्हती. मग मी रस्त्यापलीकडच्या बागेत जाऊन बसे.

बाग गोऱ्या साहेबाच्या वेळची. भर पेठेत असूनही आत शिरलं की गलका मागे राही. बाकांवर पेन्शनर वर्तमानपत्र वाचत. बायामाणसं फारशी नसत. मी मेंदीच्या कुंपणाआड, बकुळीखाली जमिनीवर बसे.

तिसऱ्या दिवशी तिथेच एक पन्नाशीची बाई येऊन टेकली. "कोठली शेस वं बेटी?" तिनं विचारलं. ती पिंपळनेरकडची विधवा. एकुलता मुलगा विषमज्वरानं पंधरा दिवस दवाखान्यात होता. मी तिला अक्का म्हणू लागले. तिची भाकर आणि माझी शेंगदाण्याची चटणी आम्ही वाटून खायचो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला रडू आवरेना. "आबांना विचारता येत नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. उद्या एकटीनं कशी बसू?"

"मी येसू," अक्का म्हणाली. "तुनाजोडे बससू."

सकाळी ती माझ्या आधीच येऊन बसली होती. मला माझ्या माहेरचं विचारत राहिली. माझी वेणी सुटली होती, ती तिनं पुन्हा घातली. तिचे हात गार लागले. मला वाटलं, थंडीच तशी आहे.

दुपारी आबा फाटकाशी आले. "गाठ काढली. शुद्धीवर येतोय." मी अक्काच्या पाया पडले. "जाय बेटी, नवऱ्याजोडे जाय," एवढंच ती म्हणाली.

वॉर्डाच्या दारात आयाबाईनं सांगितलं, अक्काचा मुलगा पहाटेच गेला. तिचे भाऊ दुपारच्या गाडीनं आत्ताच आले, तोवर मयत दवाखान्यातच ठेवलं होतं.

मी तशीच मागच्या दारी धावले. भावांनी तिरडी बांधायला घेतली होती. अक्का भिंतीला टेकून उभी होती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगीसन काय व्हनार व्हतं? तुना जीव आधीच टांगेल व्हता."

मयत पांझरा नदीकडे निघेपर्यंत मी तिच्याशेजारी उभी राहिले.

मालक बरे झाले. पुढच्या वर्षी आम्ही दोघं केळीचा घड घेऊन तिचं घर शोधत गेलो. ती भावाकडे राहत होती. आधी तिनं मालकांना बसवून पाणी दिलं, तब्येत विचारली. मग हळूहळू मुलाचं बोलू लागली: तो लहानपणी कसा होता, काय खायचा, कशाला भ्यायचा. बागेत तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. शेवटची गाडी निघून गेली तरी आम्ही उठलो नाही. त्या दिवशी तिच्याकडेच मुक्काम केला.