मुंग्या लागलेलं रक्त

संशय घेणं हा माझा जन्मजात स्वभाव. दूध घेताना माझी नजर मापावर असते आणि भाजी घेताना तागडीच्या दांडीवर. त्यामुळे नवऱ्याच्या चौकड्याच्या शर्टावर लाल डाग दिसला तेव्हा मी तो लगेच भिजवला नाही. आधी उजेडात नेऊन नीट बघितला.

ही वाशीतली गोष्ट, खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची. आमची कॉलनी नवी होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर पारसिकच्या डोंगराची फोडलेली खाण दिसायची. नवरा सरकारी कचेरीत कारकून. साडेनऊला डबा घेऊन निघायचा, सहाला परत. असा माणूस दोन-दोन दिवस दाढी करेना, पँटीला कुसळं घेऊन यायला लागला. अंगाला घोड्याचा वास, केसांना दिवाळी नसताना टिकल्यांचा वास. आणि आता हा डाग.

लिपस्टिक म्हणावी तर तळहाताएवढी कोण लावतं? रक्त म्हणावं तर अंगावर ओरखडा नाही. शर्ट बादलीच्या कडेवर ठेवून मी विचार करत बसले आणि थोड्या वेळाने बघते तर डागाला मुंग्यांची रांग लागलेली. रक्ताला अशा मुंग्या कुठे लागतात? कुठेतरी काहीतरी गोड चाललंय, एवढं मात्र मी त्यावरून पक्कं ठरवलं.

खरं तर हा दिल्या शब्दाचा माणूस. लग्नाआधी कचेरीच्या नाटकांतून कामं करायचा. आमच्या घरी मुलगी बघायला आला तेव्हा वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "नोकरी पक्की आहे, उत्तम. पण ते नाटकाचं खूळ बंद करायचं." तो पोहे खात होता. घास गिळून "बरं" म्हणाला आणि त्यानंतर कधी तोंडाला मेकप लावला नाही. मला त्याचं कौतुकच होतं. म्हणून तर आता जास्त भीती वाटायची. असा माणूस एकदा घसरला की सावरत नाही, असं आई म्हणायची.

डागानंतर आठवड्याने, भर दुपारी दार वाजलं. त्याच्या कचेरीतल्या एक बाई पिशवीत मोसंबी घेऊन उभ्या.

"वहिनी, आता ताप कसाय? आमी सगळे टेन्शनमधे आहोत. टायफॉइड म्हंजे काय साधी गोष्ट आहे का!"

मी पदर खोचून पोळपाटावर उडदाचे पापड लाटत होते. वीसेक पापड वाळत पडलेले. पण संशयी माणसाचं डोकं चटकन चालतं. हा कचेरीत नाही, माझ्या आजारपणाची रजा टाकून कुठेतरी जातोय, हे एका क्षणात कळलं. खरं बोलावं तर सरकारी नोकरी जाते. मी दाराच्या चौकटीला टेकले, आवाज खोल नेला आणि म्हटलं, "आजच जरा उठलेय."

बाईंनी पापडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जपा हां," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी ठेवून गेल्या. त्यांचं नाव मात्र मी मनातल्या यादीतून खोडलं. ज्या बाईसाठी तो खोटं बोलतोय, ती स्वतः मोसंबी घेऊन माझ्या दारात येणार नाही.

संध्याकाळी मी चहाऐवजी त्याच्यापुढे मोसंबी ठेवली. "मला टायफॉइड झालाय म्हणे."

तो पांढराफटक पडला. मग खाली मान घालून मोसंबं सोलत राहिला. "सांगेन. आत्ता नको विचारूस. वाईट काही नाही गं."

वाईट नसलेली गोष्ट लपवतात का? महिन्याभरात वाढलेली दाढी, डाग, वास सगळं बंद झालं. माझा संशय तेवढा चालू राहिला. वर्षभर मी त्याचे खिसे तपासले. वर्षभर तो झोपल्यावर त्याच्या तोंडाकडे बघत बसले आणि मनात माहेरी जायची बॅग भरली.

मग एका रविवारी तो म्हणाला, "चल, सिनेमाला जाऊ. चेंबूरला. बाल्कनीची तिकिटं काढलीत." ज्याने लग्नानंतर एक सिनेमा दाखवला नाही, तो बाल्कनीत बसवतोय म्हणजे आता कबुली येणार. मी साडी बदलतानाच ठरवलं, रडायचं नाही.

सिनेमा भयंकर होता. सोन्याचे स्मगलर, पण घोड्यांवर. अड्ड्यात शेठ सूट घालून सिगार ओढतोय आणि बाहेर त्याची माणसं रुंद टोप्या घालून, तोंडाला रुमाल बांधून दौडतायत. दर पाच मिनिटांनी दहा माणसं मरत होती. मध्यंतरानंतर ती टोळी एका खाणीत शिरली आणि मी दचकले. तो आमचा डोंगर होता. रोज भाकरी थापताना मी बघते तोच.

एका गुंडाने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. मी चेहऱ्याआधी शर्ट ओळखला. चौकड्याचा, आणि तपकिरी बटणांत वरून दुसरं पांढरं. ते मीच लावलं होतं, तपकिरी मिळालं नाही म्हणून.

"शेठ, पुलिस नहीं, ये तो अकेला है!" पडद्यावरचा गुंड घोगऱ्या आवाजात गरजला. तो आवाज माझ्या नवऱ्याचा नव्हता. त्याचा आवाज माझ्या शेजारून येत होता. अंधारात, अगदी हळू, तेच शब्द तो पडद्याबरोबर म्हणत होता.

मग गोळी लागली. तो गडगडत खाली गेला आणि मुंग्यांनी ओळखलेल्या त्या साखरपाकाच्या रक्ताने लाल झालेल्या शर्टात निपचित पडला. खोटं आहे हे कळत असूनही माझा हात मंगळसूत्रावर गेला. दुसऱ्या हाताने मी शेजारी बसलेल्या नवऱ्याचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. रडायचं नाही ठरवलं होतं, तरी रडले.

परतीच्या बसमध्ये पुलावर आल्यावर तो म्हणाला, "आवाज दुसऱ्याचा घातला त्यांनी. माझा गुंडाला शोभत नाही म्हणे." आणि हसायला गेला, पण जमलं नाही.

वडिलांनी अट घातली तेव्हा मी आतल्या खोलीत पडद्यामागे उभी होते. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हणाले असते. याने मला फसवलं नव्हतं, आम्हीच याचं तोंड बंद केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. घरी आल्यावर मी चहा टाकला आणि त्याला ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणायला लावलं. तीनदा. तिसऱ्यांदा शेजारच्यांनी भिंत ठोकली.

पुढे चार-पाच महिन्यांनी भांडी घासता घासता खिडकीतून दिसलं, खाणीच्या रस्त्याला घोड्यांचे दोन ट्रक लागलेत. संध्याकाळी तो आला तेव्हा टेबलावर कोरा कागद आणि पेन काढून ठेवलं होतं.

"अहो, या वेळी कावीळ लिहा," मी म्हटलं. "त्या बाई आल्या तर मी झोपून राहीन. पापड नंतर लाटेन."