चूक पोटात घालणारा ड्रायव्हर

कुठलीही वस्तू घेताना अण्णा दुकानदाराला शेवटी एकच प्रश्न विचारायचे. "सगळं सरी. पण आमच्याकडून चूक झाली तर?"

मिक्सरचं झाकण न लावताच बटण दाबलं तर? कॉफीच्या मशीनमध्ये दुधाच्या जागी पाणी ओतलं तर? विक्रेते आधी हसायचे, मग घाम पुसायचे. असा एखादा गृहस्थ तुमच्याही माहितीत असेल. त्याच्याबरोबर खरेदीला जायचं नाही असं आपण दर वेळी ठरवतो आणि दर वेळी जातो.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत अण्णा अ‍ॅडमिनचं काम बघायचे. मूळचे मराठी, पण चार पिढ्या मल्लेश्वरममध्ये राहिलेल्या घरातले; बोलण्यात कन्नड यायचंच, 'सरी' म्हणजे ठीक, 'अल्वा' म्हणजे नाही का. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. डावा हात कायम पँटच्या खिशात. आम्ही पोरं त्याला त्यांची ऐट म्हणायचो.

कंपनीच्या वार्षिक पार्टीत सोडत निघाली आणि हेब्बाळच्या एका गोल्फ रेंजवरचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे, शिकवणीचे दहा तास अण्णांना लागले. सगळा हॉल हसला. अण्णा गंभीरपणे व्यासपीठावर गेले, पाकीट घेतलं आणि खाली येऊन मला म्हणाले, "तू खेळतोस अल्वा? शनिवारी मला घेऊन चल."

मी खेळायचो म्हणजे काय, तर माझा बॉस खेळायचा. त्याच्या बॅगेतला काळा चकचकीत ड्रायव्हर पाहून मी तसाच घेतला होता. चेंडू सगळ्यात लांब मारायची ती मोठ्या डोक्याची काठी. माझा चेंडू लांब जायचा, पण उजवीकडे, केळीसारखा वळत. मी वाऱ्याला दोष द्यायचो.

तिसऱ्या तासाला शिक्षक अण्णांना म्हणाले, आता स्वतःचा ड्रायव्हर बघा. झालं. अण्णांनी ऑफिसभर चौकशी सुरू केली, "नवशिक्याला परवडणारा, चांगला ड्रायव्हर कुठं मिळेल?" दोन दिवसांनी गेटवरच्या वॉचमनने आपल्या मेव्हण्याला लायसन्ससकट त्यांच्यासमोर उभं केलं. अण्णांनी त्याला कॉफी पाजली, गाडी नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि आमच्या एका संचालकांकडे त्याला नोकरीला लावून दिलं.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथला तरुण विक्रेता आधी माझ्याकडेच बघून बोलत होता. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली.

"सर, ये वाला बहुत फॉरगिविंग है."

"म्हणजे?"

"गलती माफ करता है, सर."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यभर विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच कुणी न विचारता उत्तर दिलं होतं. "म्हणजे चूक पोटात घालतो," ते मला म्हणाले, आणि विक्रेत्याकडे वळले, "कितनी?"

त्या पोराने अर्धा तास समजावलं. डोकं मोठं आणि वजन मागच्या बाजूला असलं, की चेंडू मधोमध न लागताही फारसा भरकटत नाही. समोरचा पत्रा थोडा जास्त कलता असला, म्हणजे बारा अंशांच्या आसपास, की चेंडू सहज वर उठतो. ज्याचा हात सावकाश फिरतो त्याला दांडा हलका आणि लवचीक हवा. अण्णांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून निरागसपणे विचारलं, "तुझा किती अंशांचा?"

"नऊ."

"आणि दांडा?"

"कडक."

"सरी," म्हणून त्यांनी वही मिटली. त्या दिवशी काही घेतलं नाही, हे सांगायला नकोच.

पुढच्या शनिवारी ते घरून टाल्कम पावडरचा डबा घेऊन आले. रेंजवरच्या भाड्याच्या ड्रायव्हरच्या तोंडाला पावडर लावायची, चेंडू मारायचा आणि डाग कुठे उमटला ते बघायचं. त्यांचे डाग सगळे एकाच जागी, टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. मग म्हणाले, तुझा दे. माझ्या ड्रायव्हरवर पाच चेंडूंचे पाच डाग पाच दिशांना होते.

"छान रांगोळी काढलीस," अण्णा म्हणाले. शेजारचे दोघे हसले. मला ते लागलं. म्हणूनच पुढे जे झालं ते मी इतकं रंगवून सांगितलं असावं.

झालं असं, की त्यानंतर चारच चेंडूंनी अण्णांनी जोरात हात फिरवला आणि चेंडू जागेवर राहिला, ड्रायव्हर मात्र हातातून सुटून समोरच्या गवतात वीस फुटांवर जाऊन पडला. कुणाला लागलं नाही. सगळी रेंज हसली, शिक्षकसुद्धा. सोमवारी कँटीनमध्ये मी तो प्रसंग उभं राहून, चमचा फेकून करून दाखवला. टाळ्या पडल्या.

अण्णा दुसऱ्या शनिवारी आले नाहीत. तिसऱ्याही. जेवायलाही आपल्या टेबलावर एकटेच बसू लागले. विचारलं तर "काम आहे रे" एवढंच.

शेवटी एका रविवारी मी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेलो. अण्णा भाजी आणायला गेले होते. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, मला आत बसवलं आणि कॉफी दिली.

"खेळायचं त्यांनी सोडलं म्हणतात," त्या म्हणाल्या. "डॉक्टर तर खूश होते. त्या हाताला चांगलंच म्हणाले होते."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या. तुम्हाला ठाऊक असेल म्हटलं मी. दीड वर्षामागे अर्धांगाचा झटका आला होता की हलका. नात्यातलं लग्न म्हणून सुट्टी टाकली होती. चालणं, बोलणं, सगळं आलं परत, मुठीतला जोर तेवढा यायचाय. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील म्हणून सांगू देत नाहीत."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. तेवढ्यात अण्णा पिशवी घेऊन आले. मी उभा राहिलो, काहीतरी पुटपुटलो. माफी मागितली, पण वाक्य धड पुरं झालं नाही.

अण्णांनी पिशवी ठेवली, चप्पल काढली, समोर येऊन बसले. "कँटीनमध्ये फार छान करून दाखवलंस म्हणे. मला कुणी दाखवलंच नाही. स्वल्प दाखव."

"अण्णा, नको."

"दाखव रे. हिनंही बघितलं नाही."

मला ते करावं लागलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच चमच्याने. चमचा उडून देव्हाऱ्याजवळ पडला आणि अक्का आधी हसल्या. मग अण्णा. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "सुटला तेव्हा मला वाटलं, आता हे पण गेलं. पेन, किल्ल्या, सगळं याच हातातून पडायचं आधी. म्हणून आलो नाही. तुझ्यावर राग नव्हता." मग चमचा उचलून माझ्या हातात देत म्हणाले, "स्वल्प होता."

कॅन्टोन्मेंटच्या बाजूला एका गल्लीत जुन्या गोल्फ काठ्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत. शिक्षकांनी त्यांचा पत्ता दिला. दुकान म्हणजे एक खोली आणि पिंपांत उभ्या केलेल्या शेकडो वापरलेल्या काठ्या. अण्णांनी पहिल्यांदाच परक्या माणसाला हाताचं सगळं खरं सांगितलं. चाचांनी त्यांची डावी मूठ आपल्या हातात घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाले, काठीच्या मुठीला रबर जाड बसवू, म्हणजे कमी जोरातही पकड राहील.

"और गलती हुई तो?" अण्णांनी विचारलंच.

"गलती तो होतीच साब. हात से नक्को छूटना, बस."

अण्णा उठून पिंपांमध्ये काठ्या चाळू लागले. माझा ऑफिसचा फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. तासाभराने परत आलो तरी ते चाळतच होते. आम्ही रिकाम्या हातांनीच परतलो. मग दोन आठवडे विचार करून, वहीतले रकाने भरून, अण्णांनी एक जुना, मोठ्या डोक्याचा, बारा अंशांचा ड्रायव्हर नक्की केला आणि त्याला जाड रबर बसवून घेतलं.

रेंजवरचा पहिला फटका मला नीट आठवतो. चेंडू सरळ उठला आणि शंभर यार्डांच्या पाटीच्या थोडा पुढे जाऊन पडला. फार नाही. मी म्हणालो, "अण्णा, बघा." पण ते चेंडूकडे बघतच नव्हते. ते आपल्या डाव्या मुठीकडे बघत होते. ड्रायव्हर तिच्यात होता.

उरलेले तास त्यांनी पुरे केले. वर्षअखेरीला निवृत्त झाले आणि अक्कांसह मुलीकडे हुबळीला गेले. मी मात्र तोच काळा ड्रायव्हर घेऊन उजवीकडे चेंडू मारत राहिलो. सात महिन्यांनी कंटाळून तो दांड्यासकट बदलून घ्यायला चाचांकडे गेलो.

चाचांनी माझं नाव विचारलं. मग उठून आत गेले आणि कापडात गुंडाळलेला एक ड्रायव्हर घेऊन आले. साधा, राखाडी, साडेदहा अंशांचा, मऊ दांड्याचा. "साब बाजू रखवाए थे. बोले, आतेच उनो. जबरदस्ती नक्को करना बोले."

तो येईलच, पण आपण होऊन येईपर्यंत आग्रह करू नका, असं अण्णा सांगून गेले होते. मुठीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. अण्णांच्या ऑफिसच्या अक्षरात माझं नाव, आणि खाली तारीख. मी फोन काढून कॉलची जुनी यादी पाहिली. आम्ही दोघं पहिल्यांदा इथे आलो होतो आणि मी बाहेर फोनवर बोलत होतो, तीच तारीख. स्वतःसाठी दोन आठवडे घेणाऱ्या माणसाने माझा त्या तासाभरात निवडला होता.

त्याच संध्याकाळी मी हेब्बाळला गेलो. तिसरा चेंडू सरळ गेला, अगदी सरळ. मी सवयीने शेजारी वळून पाहिलं. तिथली चटई रिकामी होती आणि रेंजचा माणूस तिच्यावर पाणी मारत होता.