खारेपाटणची नेमणूक

परवा शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला आणि तोंडवलीच्या घरातली आई आठवली. वडील गेल्यावर आम्ही मायलेकी थोरल्या काकांकडे राहत होतो. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. गावात बायकांसाठी वर्ग निघाला; सकाळी अक्षरओळख, दुपारी शिवण, आणि परीक्षा पास झाल्यावर शिवणशिक्षिकेचा दाखला. काकांनीच आईला तिथे घातलं. तिशी उलटलेली आई चुलीतल्या राखेवर बोटाने अक्षरं गिरवायची. पोलक्याची मापं पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिली, त्या दिवशी ती लहान पोरीसारखी हसली. दाखला मिळाला आणि पाठोपाठ खारेपाटणला नेमणूकही झाली, राहायला खोलीसकट. आईने आमची ट्रंक भरली. काका ओटीवर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "बाईल माणूस परगावात एकटी ऱ्हवतली? लोक काय म्हणतले?" आईचा आवाज कधी नव्हे तो चढला. "मगे माका शिकाक कित्याक धाडलात?" "घरातले कपडे घरातच शिवान होतीत म्हणान," काका शांतपणे म्हणाले. आईने ट्रंक रिकामी केली. पुढे कित्येक वर्षं ती त्या घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवत राहिली. मग काका मुलासाठी सून शोधू लागले. त्यांची अट एकच, मुलगी नोकरी करणारी हवी. मालवणातली शिक्षिका मिळाली. तिची लग्नातली पोलकी आईनेच शिवली. त्या काळात सुनेला नोकरी करू देणारे काका किती सुधारक, हे नातेवाईक अजूनही मला कौतुकाने सांगतात.